‘भाकीत’ आणि ‘ग्वाही’ : लाक्विला खटल्याच्या निकालपत्राचे भाषिक परीक्षण

२२ ऑक्टोबर २०१२ रोजी इटलीतील लाक्विला येथील न्यायालयाने सात व्यक्तींना प्रत्येकी सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. सरकारी वकील फाबिओ पिकुती यांनी चारच वर्षांची मागणी केली होती. न्यायाधीश मार्को बिल्ली यांनी तिच्याही पुढे पाऊल टाकले. शिक्षा झालेल्यांपैकी सहाजण भूकंपशास्त्र, ज्वालामुखीशास्त्र आणि भूकंपरोधक बांधकाम या विषयांतील नामवंत होते, तर सातवे नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख होते. निकालानंतर जगभरच्या वृत्तपत्रांत जे वाक्य झळकले ते थोड्याफार फरकाने एकच होते : भूकंपाचे भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना तुरुंगवास. गॅलिलिओच्या चौकशीचे स्मरण अनेकांना झाले, आणि ज्या देशात ती चौकशी झाली त्याच देशात हा निकाल लागावा यातील नाट्य कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखे नव्हते.

वस्तुतः हे वाक्य चुकीचे आहे. आरोपपत्रात भाकीत न केल्याचा आरोप नव्हता आणि निकालपत्रातही तो नाही. भूकंपाची वेळ व स्थळ आधी सांगता येत नाही, हे न्यायाधीशांनी स्वतःच मान्य केले आहे. नऊशेहून अधिक पृष्ठांचे ते निकालपत्र जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच त्याच्यावरील बहुतेक टीका लिहून झाली होती. २०१० मध्येच पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी इटलीच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून अनावृत पत्र पाठविले होते. त्याचा मुख्य युक्तिवाद असा की भाकिताची कोणतीही मान्य पद्धती अस्तित्वात नाही, सबब आरोप निराधार आहे. न केलेल्या आरोपाला दिलेले हे उत्तर होते. खरा प्रश्न निराळा होता, आणि तो भूकंपशास्त्राइतकाच अर्थविचाराच्या कक्षेत येणारा होता : एखाद्या अधिकृत सभेतून नागरिकांपर्यंत जे पोचले ते विधान होते की ग्वाही होती, आणि ग्वाही असल्यास ती देणारा कोण?

घटनाक्रम थोडक्यात असा. अब्रुझो विभागातील लाक्विला हे नगर १४६१ आणि १७०३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झालेले. २००९ च्या जानेवारीपासून तेथे लहानलहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्याच सुमारास जाम्पाओलो जुलियानी नामक एक तंत्रज्ञ जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूच्या मोजणीवरून भूकंपाची भाकिते करू लागला. जवळच्या सुल्मोना गावाला मार्चअखेर मोठा धक्का बसेल हे त्याचे म्हणणे खरे ठरले नाही. लोकांत घबराट पसरविल्याची तक्रार मात्र त्याच्यावर झाली. ३० मार्च रोजी ४.१ प्रतीचा धक्का बसला. ३१ मार्चला ‘महासंकट आयोग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या तज्ज्ञांची बैठक प्रत्यक्ष लाक्विला येथे बोलावण्यात आली. ती सुमारे तासभर चालली. ५ एप्रिलच्या रात्री अकराच्या आसपास एक धक्का जाणवला, मध्यरात्रीनंतर आणखी एक. पुष्कळ कुटुंबे घरातच राहिली. ६ एप्रिलच्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला. त्यात ३०९ माणसे मृत्यू पावली.

यांपैकी २९ मृत्यूंपुरता खटला सीमित होता. या २९ जणांच्या आप्तांची साक्ष अशी की एरवी ही माणसे रात्री घराबाहेर पडली असती. बैठकीनंतरच्या आश्वासनामुळे ती घरात राहिली. धक्का जाणवताच घर सोडून मोकळ्या चौकात वा गाडीत रात्र काढावी, ही त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. खटल्यातील अपराधाचे इटालियन नाव ‘ओमिचीदिओ कोल्पोझो’. त्याचे भाषांतर ‘मनुष्यवध’ असे करण्याचा मोह मराठीत होतो. तो टाळला पाहिजे, कारण ‘वध’ या शब्दात हेतू गृहीत धरलेला आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारण होणे, एवढाच त्या संज्ञेचा आशय आहे.

आता बैठकीत बोलले गेले काय, याकडे वळावयाचे. राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष एन्झो बोस्की यांच्या विधानाचा आशय इतिवृत्तानुसार असा : १७०३ सारखा धक्का नजीकच्या काळात बसणे फारसे संभवनीय नाही, जरी ते पूर्णतया नाकारता येत नसले तरी. शास्त्रदृष्ट्या या विधानात दोष काढता येणार नाही. अशा धक्क्यांच्या मालिकेनंतर मोठ्या भूकंपाची संभाव्यता नेहमीच्या मानाने कित्येक पटींनी वाढते हे खरे, परंतु वाढूनही ती येत्या काही दिवसांपुरती शेकडा एकाच्या आतच राहते. बहुतेक मालिका काही न घडता विरून जातात. दोष नाही, पण रचना पाहण्याजोगी आहे. विधानातील प्रधान वाक्य ‘संभवनीय नाही’ हे असून ‘नाकारता येत नाही’ हा भाग गौण वाक्यात गेला आहे. ‘संभव कमी आहे, तरी नाकारता येत नाही’ आणि ‘नाकारता येत नाही, तरी संभव कमी आहे’ या दोन वाक्यांतील माहिती तंतोतंत समान आहे. ऐकणारा मात्र पहिल्यावरून सावध होतो आणि दुसऱ्यावरून निर्धास्त होतो, कारण तोंडोतोंडी पुढे जाताना प्रधान वाक्य टिकते व गौण वाक्य गळून पडते. मराठी अनुवादात तर आणखी एक खाच आहे. ‘असंभाव्य’ हा पारिभाषिक शब्द ‘संभाव्यता कमी असलेला’ या अर्थी योजला जातो, आणि सामान्य वाचक त्याला ‘असंभव’ म्हणजे ‘अशक्य’ समजतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी या जोडीचा विचार केलेला दिसत नाही.

नकाराचे स्थान हा याहून मूलगामी प्रश्न होय. पुढील तीन वाक्ये पहावीत : ‘मोठा भूकंप होईल असे सांगता येत नाही’; ‘मोठा भूकंप होणार नाही असे सांगता येते’; ‘मोठा भूकंप होईल असे वाटत नाही’. पहिल्या वाक्यात नकार ज्ञानाचा आहे, दुसऱ्यात घटनेचा. तिसऱ्याचे रूप पहिल्यासारखे आणि अर्थ दुसऱ्यासारखा आहे : नकार ‘वाटणे’ या क्रियापदाला लागला असला तरी तो आतल्या वाक्यावर उतरतो, आणि ‘भूकंप होणार नाही असे वाटते’ असाच बोध होतो. ‘वाटणे’, ‘दिसणे’ ही क्रियापदे नकाराला अशी वाट देतात; ‘सांगता येणे’, ‘सिद्ध करणे’ ही देत नाहीत. इटालियनमध्ये ‘विश्वास असणे’ या अर्थाच्या क्रियापदापुढे नकार आला असता हेच घडते. शास्त्रज्ञाचे बोलणे स्वभावतः पहिल्या प्रकारचे असते. श्रोता ते तिसऱ्या प्रकारचे म्हणून घेतो, आणि सकाळपर्यंत त्याचे दुसरे झालेले असते.

लाक्विलात या स्खलनाला एक विशेष कारण होते. वाक्याचा अर्थ ते ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येते त्यावरही अवलंबून असतो. बैठकीसमोरचा खरा प्रश्न ‘येथील इमारती मोठा धक्का सोसतील काय?’ हा असावयास हवा होता. प्रत्यक्षात वातावरणात भरून राहिलेला प्रश्न होता, ‘जुलियानी म्हणतो ते खरे काय?’ त्याला शास्त्राचे उत्तर एकच असू शकत होते : त्याच्या भाकिताला आधार नाही. हे उत्तर यथार्थ होते. परंतु ‘त्याचे भाकीत निराधार आहे’ याचा अर्थ ‘त्याने भाकीत केलेली घटना घडणार नाही’ असा होत नाही. घड्याळ बंद असले म्हणून ते दाखवीत असलेली वेळ येतच नाही असे थोडेच असते! भाकिताचे खंडन करताना घटनेचेही खंडन होऊ नये यासाठी एक स्वतंत्र वाक्य उच्चारावे लागते. ते वाक्य त्या संध्याकाळी कोणी लाक्विलाच्या रहिवाशांना उद्देशून उच्चारले नाही.

उलट निराळेच वाक्य उच्चारले गेले. खात्याचे उपप्रमुख बेर्नार्दो दे बेर्नार्दिनीस यांनी दूरचित्रवाणीला मुलाखत दिली. तिचा आशय असा : शास्त्रज्ञवर्ग आपणास सांगतो की धोका नाही, कारण ऊर्जेचा सतत निचरा होत आहे, परिस्थिती अनुकूल आहे. मग आम्ही एक पेला वाइन घेऊन स्वस्थ बसावे ना, असे मुलाखतकाराने विचारताच त्यांनी होकार दिला आणि वाइनचे नावही सुचविले. ही मुलाखत बैठकीनंतरची नसून बैठकीपूर्वीची होती, ही गोष्ट खटल्याच्या ओघात स्पष्ट झाली. प्रेक्षकांनी मात्र ती बैठकीचा निष्कर्ष म्हणून ऐकली.

यातील ‘ऊर्जेचा निचरा’ हे सरळ शास्त्रीय असत्य आहे. भूकंपाची प्रत एकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. या हिशेबाने ६.३ प्रतीच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा लहान धक्क्यांतून निघून जाण्यास ४ प्रतीचे सुमारे २८०० धक्के लागतील. नागरी संरक्षण खात्याचे प्रमुख ग्विदो बेर्तोलासो यांचे ३० मार्चचे एक दूरध्वनी संभाषण, जे अन्य चौकशीच्या निमित्ताने टिपले गेले व जानेवारी २०१२ मध्ये बाहेर आले, त्यात या निचऱ्याचा उगम दिसतो. ही बैठक म्हणजे मुख्यतः प्रसारमाध्यमांसाठीचा उपक्रम आहे, तज्ज्ञ येऊन लोकांना शांत करतील, काहीच न हलण्यापेक्षा ४ प्रतीचे शंभर धक्के बरे असे ते सांगतील, हा त्या संभाषणाचा भाव आहे. निष्कर्ष आधी ठरला आणि बैठक मागाहून भरली.

व्याकरणाच्या दृष्टीने उपप्रमुखांचे वाक्य हे परोक्तीचे आहे. परोक्तीचे दोन प्रकार मराठी बोलणाऱ्याला उपजतच ठाऊक असतात. ‘धोका नाही म्हणे’ यातील ‘म्हणे’ बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करते; ऐकले ते सांगितले, खरेखोटे देव जाणे. ‘शास्त्रज्ञ सांगतात की धोका नाही’ या वाक्यातही विधान दुसऱ्याचेच आहे, पण येथे भार कमी न होता वाढतो, कारण ज्याच्या तोंडी विधान घातले तो ऐकणाऱ्याच्या लेखी आप्त आहे. न्यायदर्शनात आप्त म्हणजे यथार्थ जाणणारा व यथार्थ सांगणारा. त्याचे वचन हे प्रमाण. ३१ मार्चच्या परोक्तीत विलक्षण गोष्ट ही की मूळ उक्तीच अस्तित्वात नव्हती. बैठक भरण्यापूर्वीच तिचे ‘सांगणे’ उद्‌धृत झाले होते. अर्व्हिंग गॉफमन यांनी बोलणाऱ्याच्या एका व्यक्तीत तीन भूमिका वेगळ्या केल्या आहेत : शब्द उच्चारणारा, शब्द रचणारा, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांतून प्रकट होते तो. येथे उच्चारणारे दे बेर्नार्दिनीस, भूमिकेचे धनी म्हणून पुढे केलेले शास्त्रज्ञ, आणि रचना बहुधा खात्याच्या कचेरीतली.

वाइनच्या पेल्याची गोष्ट पाश्चात्त्य टीकाकारांनी चवीने सांगितली आहे, परंतु तिचा अर्थव्यापार कोणी नीट उलगडलेला नाही. आपल्या साहित्यशास्त्राला तो अपरिचित नाही. हालाच्या गाथासप्तशतीत गोदातीरीची एक स्त्री तिथे फुले वेचावयास येणाऱ्या धार्मिकाला सांगते की, तू आता निःशंकपणे हिंड, तुला भिवविणारा कुत्रा सिंहाने मारला. वाच्यार्थ अनुज्ञेचा आहे आणि व्यंग्यार्थ निषेधाचा. आनंदवर्धनाने वाच्याहून व्यंग्य सर्वस्वी भिन्न असते हे दाखविण्यासाठी ध्वन्यालोकात हाच श्लोक घेतला. महाराष्ट्री प्राकृतातील त्या धार्मिकाने वाच्यार्थ धरला असता तर तो प्राणाला मुकला असता. लाक्विलात याची उलटी जोडणी झाली. वाच्यार्थ केवळ वर्णनाचा : ऊर्जेचा निचरा होत आहे. व्यंग्यार्थ अनुज्ञेचा : घरी झोपा. आणि तेथील माणसे व्यंग्यार्थ अचूक ओळखल्यामुळे प्राणाला मुकली. ‘घराबाहेर पडू नका’ असे कोणी म्हटले नव्हते, हा बचाव म्हणूनच अपुरा ठरतो. वाइन घेऊन स्वस्थ बसण्याला दिलेला होकार ही कृती आहे. शब्दांनी कृती घडते हे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत मांडले. ती व्याख्याने पुढे १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. ग्वाही देणे ही त्यांपैकीच एक कृती, आणि तिचे यश ती देणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असते.

न्यायाधीश बिल्ली यांना हे सारे दिसले होते, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. लाक्विला विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ आंतोनेल्लो चिक्कोत्सी यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष त्यांनी विचारात घेतली. शास्त्राच्या नावाने झालेले विधान समाजाच्या धोक्याविषयीच्या रूढ कल्पनेची जागा कशी घेते, पिढ्यांची सावधगिरी एका आठवड्यात कशी मागे पडते, हे त्या विवेचनातून निकालपत्रात आले आहे. घबराट पसरविणे जसे दोषास्पद तसे निराधार आश्वासन देणेही दोषास्पद, हा त्यातील समतोल विचार निकालाची थट्टा करणाऱ्यांनी वाचलेला दिसत नाही.

परंतु निकालपत्राचे मर्मस्थानही येथेच आहे. ग्वाही ही कृती असेल तर तिला कर्ता हवा. न्यायाधीशांनी सातही जणांना मिळून एक कर्ता कल्पिला : बैठक एक, तिचा आशय एक, म्हणून वचनही एक. बैठकीत बोस्की यांनी जे म्हटले ते आणि मुलाखतीत उपप्रमुखांनी जे म्हटले ते यांच्यातील भेद नऊशे पृष्ठांच्या विस्तारात विरघळून गेला. समूहाच्या नावाने बोललेले वाक्य समूहातील प्रत्येकाचे ठरते, असा नियम भाषेत नाही. ‘आम्ही’ या सर्वनामात कोण येते आणि कोण येत नाही हे सांगण्यास मराठीलाही ‘आपण’ची मदत घ्यावी लागते, न्यायालयाने ती तसदी घेतली नाही. इतिवृत्त भूकंपानंतर अंतिम झाले, हीही त्यात एक अडचण होती.

अपील न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ही गाठ सोडविली. सहा शास्त्रज्ञ निर्दोष ठरले. दे बेर्नार्दिनीस यांची शिक्षा दोन वर्षांवर आली आणि तीही २९ पैकी काही मृत्यूंपुरतीच. नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. उच्चार ज्याचा दोष त्याचा, अशी ही विभागणी होय. फौजदारी न्यायाला तीच उचित आहे यात संशय नाही. विद्वानाने बंद दाराआड विचारपूर्वक काढलेल्या उद्गारासाठी त्याला तुरुंग दाखविला तर पुढच्या बैठकीस कोणी येणार नाही, आणि आला तर ‘सर्व काही शक्य आहे’ यापलीकडे काही बोलणार नाही. पहिल्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष, पदार्थवैज्ञानिक लुचानो मायानी यांनी राजीनामा दिला, तो याच भावनेने.

तथापि अपील निर्णयाने एक बाब मोकळी सोडली. ३१ मार्च आणि ६ एप्रिल यांच्या दरम्यान सहा रात्री गेल्या. ‘शास्त्रज्ञ सांगतात’ म्हणून जे वाक्य घरोघरी पोचले होते ते शास्त्रज्ञांचे नव्हते, आणि ऊर्जेचा निचरा होतो हे त्यांच्यापैकी कोणत्याही विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर त्याचे गुण गेले असते. त्या सहा दिवसांत त्यांपैकी एकानेही जाहीरपणे ‘हे आमचे म्हणणे नव्हे’ असे म्हटले नाही. मुलाखत त्यांनी पाहिली नसेल. संपर्काचे काम खात्याचे, असे त्यांना वाटले असेल. दोन्ही शक्य आहे. पण ज्याच्या नावाने वचन दिले गेले त्याचे मौन श्रोत्याच्या दृष्टीने संमतीच ठरते. हा अपराध नव्हे. तो फौजदारी कायद्याच्या कक्षेबाहेरचा पण विद्येच्या कक्षेतला दोष आहे, आणि ‘शास्त्रज्ञांवरील अन्याय’ या एकाच शीर्षकाखाली जमलेल्या लेखनात तो क्वचितच उच्चारला गेला आहे. शास्त्रज्ञांची बाजू घेणाऱ्या संस्थांनी विज्ञानाचे रक्षण केले. विज्ञानाच्या नावाचा वापर कोणी व कसा केला, याची विचारपूस त्या मानाने अल्प झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये धक्क्यांची अशीच मालिका झाली होती; ती शमली, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने सुमारे दहा हजार बळी घेतले. तत्कालीन नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. उलट पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन्‌महिने धक्के बसत राहिले, लोकांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या, आणि त्या काळात मोठा भूकंप झाला नाही. दोन्ही ठिकाणी अधिकाऱ्यापुढे उभा राहणारा गावकरी एकच प्रश्न विचारतो : घरात झोपू की बाहेर? त्याला शेकड्यात दिलेले उत्तर उत्तर वाटत नाही, आणि होय-नाहीत दिलेले उत्तर खरे असू शकत नाही.

लाक्विलानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, ज्याचे अध्यक्ष टॉमस जॉर्डन होते, संभाव्यतेचे आकडे नियमितपणे, शांततेच्या काळातही, जाहीर करावेत आणि धोक्याचे मापन व त्यावरील निर्णय ही कामे वेगवेगळ्या हाती ठेवावीत, अशी शिफारस केली. शिफारस शहाणपणाची आहे. आकड्याचे वाक्य कोणी करावयाचे हे मात्र ती सांगत नाही. जानेवारी २०१३ च्या अखेरीस, म्हणजे बिल्ली यांचे निकालपत्र प्रसिद्ध झाले त्याच महिन्यात, टस्कनीतील गार्फान्याना खोऱ्यात ४.८ प्रतीच्या धक्क्यानंतर काही दिवसांनी पुढील तासांत आणखी धक्के संभवतात अशी सूचना तज्ज्ञांकडून खात्याकडे, खात्याकडून नगरपालिकांकडे व तेथून रहिवाशांकडे गेली. निघताना ती शक्यतेची सूचना होती. पोचली तेव्हा ती घर सोडण्याची आज्ञा झालेली होती. हजारो माणसांनी ती रात्र बाहेर काढली. मोठा धक्का बसला नाही, आणि सकाळी लोक घरी परतले.